खाडीकाठच्या कामासाठी भूतंत्र अभियंत्याचा अनुभव कसा पारखावा?

धागाकर्ता: खाजणवाट

नमस्कार.

दाभोळ खाडीच्या काठावरील आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा मी चिटणीस आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे मला ताळेबंद वाचता येतो, परंतु मातीचा अहवाल वाचता येत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

संस्थेला बर्फ कारखाना उभारायचा आहे. कारखान्याची जागा पुळणीवर (काठच्या वाळूच्या पट्ट्यावर), भरतीरेषेपासून साधारण 35 मीटर आत आहे आणि तेथे 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद व 4 मीटर खोल अशी जमिनीखालची पाण्याची टाकी प्रस्तावित आहे. तेथपर्यंत जाणारा 350 मीटरचा रस्ता जुन्या बांधाच्या आतल्या, कांदळवन नसलेल्या खाजणातून, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या जमिनीतून, जातो. परवानग्यांचे काम स्वतंत्रपणे चालू आहे, तेव्हा तो विषय येथे बाजूला ठेवावा ही विनंती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही कोणताही सल्लागार न नेमता एका ठेकेदाराकडून खोदाई सुरू केली होती. अडीच मीटरवर वाळू अक्षरशः वाहू लागली. खड्ड्यात तीन पंप सोडले, तरी दिवसभर जेवढे खोदावे त्यातील निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरलेले असे. चौथ्या दिवशी शेजारच्या वाडीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कलला आणि त्या घराच्या चिरेबंदी भिंतीला रुपयाचे नाणे आत जाईल एवढी भेग पडली. आठवड्याभराने त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. घरातील आजींनी डाळ शिजत नाही म्हणून पातेले उचलून थेट आमच्या बैठकीत आणून ठेवले. काम थांबवून खड्डा बुजवावा लागला. खाजणात मुरमाचे चाळीस डंपर ओतले होते, तो मुरूम पहिल्याच पावसाळ्यात चिखलात गेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखल फुगून वर आला.

आता संस्थेने तीन सल्लागारांकडून त्यांची माहिती मागवली आहे. तिघांच्याही कागदावर 'भूजल नियंत्रण आणि मृदा स्थिरीकरणाचा दीर्घ अनुभव' हे वाक्य जवळपास एकाच शब्दांत आहे. पहिल्या सल्लागाराचा बावीस वर्षांचा अनुभव असून त्यात मुंबईतील खोल तळघरे आणि मेट्रोची स्थानके आहेत, आणि साठ कामांची यादी जोडलेली आहे. दुसऱ्याला नऊ वर्षे झाली आहेत, एम.टेक. आहे आणि उरण व न्हावा-शेवा परिसरातील भरावाची कामे केली आहेत. तिसरे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असून धरणांच्या पायातील ग्राउटिंग (भेगांत सिमेंटचा घोळ दाबून भरणे) आणि घाटरस्त्यांच्या कडा यांवर त्यांनी काम केले आहे. शुल्काच्या रकमांमध्ये फार अंतर नाही. यांतील कोणाचा अनुभव आमच्या उपयोगाचा आहे, हे आम्ही कशावरून ठरवावे?

प्रतिसाद: बोअरलॉग

धाग्यात घटनांचा क्रम नेमका दिला आहे, त्यामुळे बरेचसे निदान त्यातूनच होते. मी पनवेल-उरण पट्ट्यात गेली चौदा वर्षे भूतंत्र अभियंता म्हणून काम करते आणि माझ्या स्वतःच्या बायोडेटातही हीच जोडी लिहिलेली आहे, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहिते.

'किराणा व भुसार' या पाटीवरून दुकानात नेमके काय मिळेल ते कळत नाही, तसे या दोन शब्दांचे आहे. भूजल नियंत्रण म्हणजे वाळूतून पाणी उपसून त्याची पातळी उतरवणे. किंवा शीट पाइल (जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे), डायफ्रॅम वॉल (जमिनीतच ओतलेली काँक्रीटची भिंत) वा ग्राउटिंगने पाण्याची वाट अडवणे. किंवा डोंगरकड्यात साचलेले पाणी आडव्या नळ्यांनी बाहेर काढून देणे. किंवा धरणाच्या पायाखालची गळती आवरणे. या सगळ्यांमागचा नियम एकच, हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये मांडलेला, परंतु प्रत्येकासाठी लागणारा हात वेगळा असतो, कारण वाळूतून पाणी चिकणमातीपेक्षा लाखपट किंवा त्याहूनही अधिक वेगाने वाहते आणि खडकात ते केवळ भेगांमधून वाहते. मृदा स्थिरीकरणाचेही तसेच आहे. रस्त्याच्या वरच्या अर्ध्या मीटर मातीत चुना किंवा सिमेंट मिसळणारा अभियंता आणि सात-आठ मीटर खोल सागरी चिखलातील पाणी पिळून काढणारा अभियंता हे दोघेही स्वतःला स्थिरीकरणाचे तज्ज्ञ म्हणवून घेतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

आता गेल्या वर्षी काय घडले ते पाहू. पंप खड्ड्याच्या तळाशी ठेवला की चहूबाजूंचे पाणी खड्ड्याकडे धावते आणि येताना बारीक वाळू घेऊन येते. तळातून वर येणाऱ्या पाण्याचा उतार साधारण एकास एक झाला की वाळूच्या कणांचे वजन पाण्यावर तोलले जाते, त्यांची एकमेकांवरील पकड जाते आणि तळ उकळल्यासारखा दिसू लागतो. तुमच्या पंपांनी पाण्याबरोबर शेजाऱ्यांच्या गडग्याखालची जमीनही उपसली. केवळ पाण्याची पातळी उतरल्यामुळेही जमीन खचू शकते, कारण पातळी एक मीटरने उतरली की खालच्या मातीच्या सांगाड्यावर दर चौरस मीटरला सुमारे एक टन जादा भार येतो. कार्ल टेर्झागी यांच्या प्रभावी ताणाच्या तत्त्वाचा हा अगदी रोजच्या वापरातला भाग आहे. परंतु त्या प्रकारचे खचणे खालच्या चिखलात सावकाश होते. भेग चौथ्याच दिवशी पडली, त्यावरून वाळूच वाहून गेली असे मी म्हणेन.

अशा वाळूत पाणी खड्ड्याच्या आतून काढण्याऐवजी खड्ड्याबाहेरून काढतात. खड्ड्याभोवती एक-दीड मीटर अंतराने जाळीदार तोंडाच्या नळ्या रोवून त्या एका आडव्या पाइपला आणि निर्वात पंपाला जोडतात. यालाच वेलपॉइंट म्हणतात. त्यामुळे पाण्याचा ओढा खड्ड्याकडे न राहता खड्ड्यापासून दूर होतो आणि कडा कोरड्या होऊन उभ्या राहतात. शोषून पाणी उचलण्याची मर्यादा प्रत्यक्षात पाच-सहा मीटरच असते, म्हणून चार मीटरच्या खड्ड्याला एक टप्पा पुरतो. उपशाविषयी भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत, आय.एस. 9759, सन 1981 ची. तुमच्या सल्लागाराने ती वाचलेली असावीत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

पहिल्या सल्लागाराच्या साठ कामांकडे परत येते. मुंबईतील खोल तळघरांमध्ये भिंती बहुधा खडकात रुतवलेल्या असतात आणि आत झिरपणारे पाणी थोडे असते. त्या कामातील कौशल्य मोठे आहे, परंतु मोकळी वाळू, भरती-ओहोटी आणि वीस पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर, हा प्रसंग त्या यादीत कितीदा आला आहे ते विचारा. यादीतील कोणतेही एक काम निवडून, 'या कामात तुमची सही कोणत्या कागदावर होती?' असा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते. मोठ्या कामांवर वीस-वीस सल्लागार असतात, आणि त्यातल्या एकाने फक्त बोअरच्या नोंदी तपासलेल्या असतात.

तिघांकडूनही एकेक जुना अहवाल मागवा. ग्राहकाचे नाव झाकून दिला तरी चालेल. त्यात दोनच गोष्टी पाहा. पहिली, भूजल पातळी कधी मोजली. बोअर चालू असताना आत पाणी सोडलेले असते, त्यामुळे त्याच दिवशी घेतलेला आकडा निरर्थक असतो. निदान चोवीस तास थांबून, आणि किनाऱ्यावर तर नळी बसवून भरती व ओहोटी दोन्ही वेळा मोजायला हवे. दुसरी, वाळूतील एसपीटीचे, म्हणजे माती किती घट्ट आहे हे ठोक्यांवरून पाहणाऱ्या चाचणीचे, आकडे. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडून ठोके मोजतात, ही चाचणी सगळेच करतात. परंतु बोअरमधील पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेले तर तळाची वाळू फुगून सैल होते आणि आकडे फसवे येतात. बोअर पाण्याने भरलेला ठेवला होता, असे ज्याने अहवालात आवर्जून नोंदवले आहे तो माणूस बोअरवर स्वतः उभा राहिलेला असतो.

प्रतिसाद: निवृत्त शाखा अभियंता

बोअरलॉग ताईंनी उत्तम लिहिले आहे. माझा आक्षेप त्यांच्या उत्तराला नसून मूळ प्रश्नाला आहे. टाकी जमिनीखाली चार मीटर हवीच, असे कोणी ठरवले?

एक हिशेब करून पाहा. जुलैमध्ये पुळणीतील पाणी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर येते असे धरू. मग टाकीचा साडेतीन मीटर भाग पाण्यात राहील आणि 8 गुणिले 6 गुणिले 3.5 म्हणजे 168 टन एवढ्या जोराने पाणी तिला वर ढकलील; पाणी खारे असेल तर आणखी थोडे अधिक. पाव मीटरच्या भिंती, 30 सेंटीमीटरचा तळ आणि 20 सेंटीमीटरचे छत धरले तर काँक्रीट सुमारे 48 घनमीटर होते, म्हणजे वजन 120 टनांच्या आत. भरलेली टाकी जागेवर राहील, परंतु साफसफाईसाठी रिकामी केली की ती होडी होईल. वजन हे पाण्याच्या जोरापेक्षा निदान 1.2 पट असावे असा संकेत आहे. तेथे आपण पाऊणपटही पोहोचत नाही. तळाची फरशी भिंतीबाहेर काढून तिच्यावर भराव घेणे, तळ जाड करणे असे उपाय आहेत, परंतु ते केले की खड्डा आणखी मोठा, आणखी खोल होतो आणि उपसा वाढतो.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत उमेदवारीच्या काळात एका खाडीकाठच्या गावातील पंपघराची भूमिगत टाकी माझ्या देखरेखीखाली बांधली गेली. मे महिन्यात ती झाली, भोवतीचा भराव घातला गेला आणि पाण्याची जोडणी राहिली म्हणून टाकी रिकामीच ठेवली. मृगाचा पाऊस तीन दिवस पडला. चौथ्या दिवशी जाऊन पाहिले तर एक कोपरा वीतभर वर आला होता आणि भिंतीतून गेलेला पाइप गळपट्टीपाशी कातरल्यासारखा तुटला होता. आराखड्यात पाण्याची पातळी एप्रिलची धरली होती. ती तशी धरणारा मीच होतो.

यावरून धागाकर्त्यांना सुचवावेसे वाटते की तिन्ही सल्लागारांना, 'खोदू नका असा सल्ला तुम्ही ग्राहकाला कधी दिला आहे का, आणि तुमचा कोणता अंदाज चुकला?' हे दोन प्रश्न विचारावेत. भूजलाचे काम केलेल्या माणसाचा अंदाज कधी चुकलाच नसेल, तर त्याने मोजणी केलेली नसते. बायोडेटात चुकीसाठी रकाना नसतो ही अडचण आहे खरी.

तिसऱ्या गृहस्थांविषयी सर्वांनी थोडा धीर धरावा, असे मला वाटते. जांभ्याच्या कड्यांवर ज्याने काम केले आहे त्याने पाण्याचे सर्वांत लबाड रूप पाहिलेले असते. वरचा जांभा टणक व सच्छिद्र असतो, त्याखाली पांढरट-गुलाबी मऊ मातीचा थर असतो. पावसाचे पाणी जांभ्यातून झरझर उतरते आणि त्या मऊ थरावर अडून आडवे वाहू लागते, जाताना बारीक कण घेऊन जाते आणि आतल्या आत बोगदे पाडते. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, तिच्या बांधकामात गोव्यातील पेडण्याच्या मऊ मातीतील बोगद्याने सर्वांत जास्त दमवले होते, आणि त्याच बोगद्यात जुलै 2024 मध्ये पाणी व चिखल शिरून वाहतूक थांबवावी लागली. अशा जमिनीत काम केलेला अभियंता पंप मोजण्याआधी, पाणी कोठून येते आणि त्याला कोठे जायचे आहे, हे विचारतो. ती सवय वाळूतही उपयोगी पडते.

प्रतिसाद: बोअरलॉग

काकांचा हिशेब मी तपासून पाहिला, तो बरोबर आहे. मीही टाकी शक्य तितकी वर घ्यावी या मताची आहे. मात्र कड्यांचा अनुभव वाळूतील उपशाला पुरेसा आहे, असे कोणी समजू नये. सवय चांगली असली तरी वेलपॉइंटच्या नळीभोवती किती जाड वाळूची गाळणी हवी आणि किती पंप राखीव ठेवावेत, हे ज्याने ते केले आहे त्यालाच माहीत असते.

विहिरीचा मुद्दा राहिला होता. किनाऱ्यावरील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जेवढी असेल त्याच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजेच पातळी वीतभर उतरली तरी खालचे खारे पाणी कित्येक मीटर वर सरकण्याची ओढ निर्माण होते. कोकणात तीन-चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही किनाऱ्याच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्यामागे हेच कारण असते. यातून तुमच्यापुढे एक पेच आहे: एप्रिल-मे महिन्यात खोदाई सर्वांत सोपी, परंतु तेव्हाच गोड्या पाण्याचा थर सर्वांत पातळ असतो. दिवाळीनंतर विहीर सुरक्षित, परंतु पाणी उंच. सल्लागाराने या दोहोंचा मेळ कसा घातला आहे ते पाहा. शेजारच्या विहिरीचा उल्लेखच ज्याच्या प्रस्तावात नाही त्याला मी बाजूला ठेवीन.

प्रतिसाद: पंपवाला रत्नागिरी

मी अभियंता नाही. वेलपॉइंट आणि पंप भाड्याने देण्याचा व्यवसाय करतो, आणि सल्लागारांना कामाच्या ठिकाणी पाहण्याचा योग पुष्कळदा येतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

पंप सुरू झाल्यावर सल्लागार काय करतो ते पाहावे. जाणता माणूस बाहेर पडणारे पाणी पांढऱ्या बादलीत धरतो आणि ते दहा-पंधरा मिनिटे हलू न देता ठेवतो. तळाशी चिमूटभर वाळू बसली तर पहिल्या तासात चालते, कारण नळीभोवतीची गाळणी बसत असते. दुसऱ्या दिवशीही बसत असेल तर तो उपसा थांबवतो. मी ज्या सल्लागारांकडे परत परत काम केले आहे त्या सर्वांच्या गाडीत बादली असते. आडव्या पाइपच्या एखाद्या जोडात हवा शिरू लागली तर पंपाचा आवाज बदलतो आणि पाणी धक्क्याधक्क्याने येते, हेही त्यांना गाडीतून उतरताच ऐकू येते.

दुसरी गोष्ट रात्रीची. वेलपॉइंट चार तास बंद पडले तर चार दिवसांचे काम पाण्यात जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर त्याहूनही लवकर. वीज गेल्यास डिझेलवरचा पंप किती मिनिटांत सुरू होईल, तो कोण सुरू करील आणि त्या माणसाचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकात आहे, हे प्रस्तावात लिहिलेले असावे. शुल्कात कामावरील भेटी किती धरल्या आहेत तेही विचारा. आराखडा देऊन शहरात परत गेलेला सल्लागार फोनवर पाणी थांबवू शकत नाही.

प्रतिसाद: खाजणवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांचा टाकीचा हिशेब मी कार्यकारी मंडळात फळ्यावर लिहून दाखवला. बैठकीत प्रथमच शांतता होती. रस्त्याविषयी मात्र कोणीच लिहिलेले नाही. दुसऱ्या सल्लागाराने पीव्हीडी नावाच्या पट्ट्या सुचवल्या आहेत. आमच्यातील काहींचे म्हणणे आहे की खाजणात चुना मिसळला की काम होते. पूर्वी येथे शिंपल्यांचा चुना भाजत असत, त्याची आठवण त्यांना असावी.

प्रतिसाद: बोअरलॉग

बाजूला चिखल फुगून आला, हे तुम्ही पहिल्याच लेखनात लिहिले होते आणि माझ्या दृष्टीने त्यातच उत्तर आहे. तुमचा भराव खचला नाही. तो चिखल फोडून खाली गेला.

खाजणातील चिखलाची ताकद दर चौरस मीटरला एक टनाच्या आसपास असते असे धरा. तुमच्याकडे ती प्रत्यक्ष मोजावी लागेल. असा चिखल सुमारे पाच टन भार पेलतो आणि त्यापलीकडे फुटतो. मुरमाचे वजन घनमीटरला 1.9 टन धरले तर 2.7 मीटर उंचीचा भराव ही तुटण्याची सीमा झाली, आणि सुरक्षितपणे त्याच्या निम्म्यापर्यंतच जाता येते. तुमचा रस्ता सव्वा मीटर उंच हवा असेल तर तो या हिशेबात बसतो. परंतु डंपरने एका जागी दोन-अडीच मीटरचा ढीग ओतला, त्यावर पुढचा भरलेला डंपर चढला, आणि बहुधा त्याआधी जेसीबीने वरचा वाळलेला थर खरवडून 'साफ' केला. तो वाळलेला कवचासारखा थर हाच खाजणातील सर्वांत मजबूत भाग असतो. त्याला हात न लावता, वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे मजबूत कृत्रिम कापड) अंथरून, वीत-वीत जाडीचे थर टाकत गेल्यास त्याच चाळीस डंपरांचा रस्ता टिकला असता, असे मला वाटते.

फुटणे टळले तरी खचणे राहतेच. चिखलातील पाणी पिळून बाहेर जाण्यास लागणारा काळ त्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वाट निम्मी केली की काळ चतुर्थांश होतो. सात मीटर जाडीच्या सागरी चिखलाला आपणहून बसायला दहा वर्षेही लागू शकतात. पीव्हीडी म्हणजे चिखलात उभ्या खुपसलेल्या, आतून पन्हळी असलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या एक-सव्वा मीटर अंतराने लावल्या की पाण्याला आडवे अर्धा-पाऊण मीटर गेले तरी वाट मिळते आणि काम काही महिन्यांवर येते. उरण व न्हावा-शेवा परिसरात ही पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे दुसऱ्या सल्लागाराचा अनुभव या मातीसाठी खरा आहे. प्रश्न एवढाच की पट्ट्या खुपसणारे यंत्र 350 मीटरसाठी आणणे संस्थेला परवडेल का. त्याला विचारा की पीव्हीडी न वापरता, टप्प्याटप्प्याने भराव टाकून आणि एक पावसाळा थांबून त्याने कधी रस्ता केला आहे का. तसेच चिखलाची ताकद एसपीटीने मोजणार की व्हेन शिअर चाचणीने (चिखलात पाती खुपसून ती फिरवायला लागणारा जोर मोजून), हेही विचारा. अशा चिखलात एसपीटीची सळई स्वतःच्याच वजनाने खाली जाते आणि अहवालात 'एन शून्य', म्हणजे ठोके शून्य, एवढेच लिहिले जाते, ज्यावरून आराखडा करता येत नाही.

चुन्याविषयी: चुना चिकणमातीचा लिबलिबितपणा खरोखर कमी करतो, आणि वरच्या 30 सेंटीमीटरमध्ये वजनाच्या काही टक्के चुना मिसळून रस्त्याचा तळ चांगला होतो. परंतु खाली सात मीटरवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यातील सल्फेट आणि कुजलेला पाचोळा हे दोन्ही त्या क्रियेच्या आड येतात. सल्फेट जास्त असेल तर चुना मिसळलेली माती नंतर फुगते. आधी तुमच्याच मातीवर प्रयोगशाळेत चाचणी हवी, आणि ती प्रयोगशाळा त्या विशिष्ट चाचणीसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का, ते पाहायला हवे.

प्रतिसाद: खाजणवाट

सुमारे दोन महिन्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. या धाग्यातील प्रश्न आम्ही तिघांनाही लेखी पाठवले. पहिल्या कार्यालयाने उत्तरादाखल आणखी एक रंगीत पुस्तिका पाठवली, तीत कामांची संख्या आता चौसष्ट आहे. दुसऱ्या सल्लागारांनी स्पष्ट कळवले की वाळूतील उपसा हे त्यांचे काम नव्हे, रस्ता मात्र ते करतील, आणि पीव्हीडीशिवायचा पर्याय त्यांनी व्हेन चाचणीच्या अटीवर मान्य केला आहे. तिसरे गृहस्थ स्वतः एसटीने आले. त्यांनी आधी आजींची विहीर पाहिली, दोरी सोडून तिची खोली मोजली, आजींकडून गेल्या दहा उन्हाळ्यांची हकीकत ऐकून घेतली, आणि टाकी सव्वा मीटरपेक्षा खाली नेऊ नये असे हाताने काढलेल्या आकृतीसह लिहून दिले. आपला कोणता अंदाज चुकला, या प्रश्नाला त्यांनी दीड पान उत्तर लिहिले आहे. काकांना ते वाचायला आवडेल.

मंडळाने रस्ता दुसऱ्यांकडे आणि टाकी तिसऱ्यांकडे सोपवली आहे. तूर्त जागेवर निरीक्षणाच्या दोन नळ्या बसवल्या असून आमचा रखवालदार टेपला खडू लावून दर तासाला पातळी मोजतो. पौर्णिमेच्या दिवशी खाडीकडील नळीत पाणी जमिनीपासून 1.24 मीटरवरून 1.12 मीटरपर्यंत चढले, परंतु ते खाडीतील भरतीनंतर जवळजवळ चार तासांनी. रखवालदाराला वाटते की त्याचे मोजण्यात चुकले.

प्रतिसाद: बोअरलॉग

त्याचे चुकलेले नाही. भरतीची लाट वाळूतून आत येताना दमते आणि उशिरा पोहोचते. खाडीत पाणी किती चढले ते कळले तर 12 सेंटीमीटर आणि चार तास या दोन आकड्यांवरून वाळूतून पाणी किती सहज वाहते याचा अंदाज काढता येतो. ही नोंदवही सल्लागारांना द्या आणि मोजणी निदान एका अमावास्येपर्यंत चालू ठेवा. विहिरीच्या पाण्याचा खारेपणाही साध्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या उपकरणाने) आठवड्यातून एकदा, एकाच खोलीवरून नमुना घेऊन नोंदवा, म्हणजे काम सुरू झाल्यावर तुलनेसाठी आधीचे आकडे हाताशी राहतील.

प्रतिसाद: पंपवाला रत्नागिरी

नळ्यांच्या तोंडाला टोपण लावून कुलूप घाला. पुळणीवर मुले खेळतात, आणि उघडी नळी दिसली की तिच्यात आधी खडे जातात आणि मग शिंपले.